पाटीवर एमडी, डीएम, फेलोशिप लिहिलंय म्हणजे नक्की काय शिकलेत?

तुमच्या मुलीला फिट येतात, बालरोगतज्ज्ञांनी पीडियाट्रिक न्यूरोलॉजिस्टकडे (लहान मुलांच्या मेंदू-नसांचे डॉक्टर) पाठवलंय आणि पाटीवरच्या डिग्र्या बघून कळेना की यांच्याकडे जायचं का मोठ्यांच्या न्यूरोलॉजिस्टकडे, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही हां, नाशिकला सिडकोत राहतो, पण पोरामुळे हे सगळं पाठ झालंय.

एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं (महाराष्ट्रात शिकले असतील तर बहुतेक आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचाच शिक्का), मग एमडी पीडियाट्रिक्स ३ वर्षं, इथे नेहमीचा बालरोगतज्ज्ञ तयार होतो, मग परत नीट एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन डीएम, म्हणजे मुलांच्या न्यूरोलॉजीची सुपरस्पेशालिटी, अजून ३ वर्षं. डीएमच्या जागी डीआरएनबी दिसलं तरी बिचकू नका, तेही सुपरस्पेशालिटीच आहे. फेलोशिप (एखाद्या विषयाचं जास्तीचं ट्रेनिंग) मात्र नीट वाचा. डीएमवर वर्षभराची एपिलेप्सीची (फिटच्या आजाराची) फेलोशिप असेल तर सोन्याहून पिवळं, पण काहीजण एमडीनंतर डायरेक्ट फेलोशिप करतात, ते वाईट असं नाही, पण ते डीएम नव्हे.

आता याने फरक काय पडतो ते सांगतो. माझा मुलगा जेवता जेवता पाच-दहा सेकंद थिजायचा, घास हातातच, मग काही झालंच नाही असा परत जेवायला लागायचा. शाळेतून तक्रार, लक्ष नसतं याचं. एका ठिकाणी टॉनिक दिलं, दुसरीकडे फिटचं औषध दिलं तर त्याचं थिजणं उलट वाढलं. शेवटी पीडियाट्रिक न्यूरोलॉजिस्ट मॅडमकडे गेलो, त्यांनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले आणि मग त्याच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरून म्हणाल्या, फुंकत राहा बेटा, थांबायचं नाही. दोन मिनिटं झाली नसतील, पट्टी हलायची थांबली आणि हा डोळे उघडे ठेवून गायब! मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. ॲब्सेन्स एपिलेप्सी, म्हणजे काही सेकंद भान हरपणारी फिट. ईईजीतही (डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरी बघतात ती तपासणी) तेच आलं, सेकंदाला ३ च्या हिशोबाने लाटा. आधीचं औषध कार्बामाझेपिन होतं, ते या प्रकारात झटके वाढवू शकतं म्हणून बदललं.

मोठ्यांचे न्यूरोलॉजिस्टही मुलांना बघतात, आणि इमर्जन्सीत जो जवळ असेल तोच आपला. पण मुलांच्या फिटचे काही प्रकार मोठ्यांत दिसतच नाहीत, तान्ह्या बाळाचे झटके तर घरच्यांना दचकल्यासारखे किंवा गॅससारखे वाटतात, म्हणून माझं मत विचाराल तर मुलांचेच बघा. रजिस्ट्रेशन नंबर महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या साइटवर टाकून बघता येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जाताना फिटचा मोबाईल व्हिडिओ न्याच, आमच्या मॅडम रिपोर्टच्या आधी तोच मागतात. आणि ईईजीच्या आदल्या दिवशी मुलीचे केस शांपूने धुवा, तेल अजिबात नको. आमच्या आईने प्रेमाने चंपी करून दिली होती, वायरी चिकटेनात, दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं.