रविवारी सकाळीच पोट का दुखतं?

प्रश्न : ताई, दीड वर्ष झालं, मी दोन्ही पोरांना घेऊन माहेरी राहते, सोलापुरातच, भवानी पेठेत. नवरा जुळे सोलापूरला. घटस्फोटाची केस चालू आहे. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. दर रविवारी ते पोरांना न्यायला येतात आणि गेटवरच आमचं वाजतं. कधी फी, कधी कपडे, कधी उशीर. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला पोरांना कुणी न्यायचं यावरून एवढं भांडण झालं की शेवटी पोरं गेलीच नाहीत. आता मुलाचं रविवारी सकाळी पोट दुखायला लागलंय. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. एकदा गेला की मात्र संध्याकाळी हसत येतो. माझी आई म्हणते, लेकराला त्रास होतोय तर पाठवतेस कशाला? परवा नवरा म्हणाला, "कोर्टात पोरांनाच विचारू कुणाकडे राहायचं ते." मुलगी तिथेच उभी होती. मुलीची तशी काही तक्रार नाही, फार समजूतदार आहे. रविवार बंद करू का?

उत्तर : एवढ्या कारणावरून रविवार बंद करू नका. कोर्टाने भेटीचा आदेश दिला असेल तर परस्पर तर अजिबातच नको. वडील मारत असतील, पिऊन गाडी चालवत असतील, पोरं तिथून घाबरून परत येत असतील, तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर लगेच वकिलांना सांगा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे. पण तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. तुमचा मुलगा संध्याकाळी हसत येतो.

म्हणजे पोट दुखतं ते गेटवरच्या त्या दहा मिनिटांसाठी. पाठीला दप्तर, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, आवाज चढलेले. बाबांकडे पळावं तर आईला काय वाटेल, आईला बिलगावं तर बाबा काय म्हणतील? सात वर्षांच्या पोराला हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून पोट सांगतं. तो नाटक करत नाही, त्याचं खरंच दुखतं. याच वयात मुलं मनातल्या मनात असंही धरून चालतात की आपण दंगा केला, अभ्यास केला नाही म्हणून बाबा वेगळे झाले. त्याला जवळ घेऊन सरळ सांगा, "आमचं जमत नाही म्हणून आम्ही वेगळे राहतो. तुझ्यामुळे काहीच झालेलं नाही. बाबांकडे मजा आली तर मला आवडेल." एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आता ते गेटच काढून टाका. त्याची शाळा शनिवारी सकाळची असेल तर वडिलांनी शनिवारी शाळेतूनच न्यावं आणि रविवारी संध्याकाळी तुमच्या भावाने हुतात्मा बागेपाशी घ्यावं. वर्गशिक्षिकेला आधी भेटून परिस्थिती सांगा, कोण न्यायला येणार तेही लेखी द्या. वेळ बदलली तर नवऱ्याला दोन ओळींचा मेसेज टाका, त्यात मागचं काही उकरू नका. फीचा प्रश्नही गेटवर सुटणार नाही. तुमची केस हिंदू विवाह कायद्याखाली असेल तर कलम २६ नुसार केस चालू असतानाच मुलांचा ताबा, शिक्षण आणि खर्च यांबद्दल तात्पुरता आदेश मागता येतो. भेटीच्या वेळाही त्यातच ठरवून घ्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

गड्ड्याचं आत्ताच ठरवून टाका. होम मैदानावरचे पाळणे काही एका दिवसात उठत नाहीत. एक संध्याकाळ तुमची, एक त्यांची. "तुला कुणाबरोबर जायचंय?" हे मात्र पोरांना विचारू नका.

मला जास्त काळजी तुमच्या मुलीची वाटते. ती समजूतदार आहे असं तुम्ही एका ओळीत लिहून मोकळ्या झालात. बारा वर्षांची मुलगी हट्ट करत नाही, चिडत नाही, काही मागत नाही, म्हणजे घरात आणखी एक भांडण नको म्हणून ती सगळं गिळते आहे. "बाबांना सांग, फीचं बघा" हा निरोप तिच्याकडून जात असेल तर आजपासून बंद. रात्री तुम्ही तिच्यापाशी मन मोकळं करत असाल तर तेही थांबवा. मन मोकळं करायला तुम्हाला माणूस हवंच, पण ती बहीण असू दे, मैत्रीण असू दे. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर फुकट आणि मराठीतही बोलता येतं. रविवारी ती परत आल्यावर "जेवलीस का?" एवढं पुरे. तिथे कोण आलं होतं, काय बोलले, हे नको. ती कधी तुमच्यावरच भडकली तर भडकू द्या. त्या दिवशी तिला तुमचा भरवसा वाटला असं समजा.

आईशी एकटीत बोला. जावयावरचा त्यांचा राग मला समजतो. लेकीचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिलेत. पण "तुझा बाप तसलाच" हे लेकरांच्या कानावर पडलं की त्यांना ते स्वतःबद्दलच वाटतं, कारण ती त्याच बापाची आहेत. जे बोलायचं ते पोरं शाळेत गेल्यावर.

आणि नवऱ्याच्या त्या बोलण्याबद्दल. न्यायाधीश मुलांची इच्छा विचारात घेऊ शकतात. मोठ्या मुलांशी ते बरेचदा आपल्या दालनात एकट्याने बोलतात. पण निकाल मुलांच्या हातात नसतो. मुलांचं हित कशात आहे ते बघून न्यायाधीशच ठरवतात. तुमच्या मुलीने ते वाक्य उभ्या उभ्या ऐकलं आहे आणि तेव्हापासून ती त्याचाच विचार करत असणार. आज रात्रीच तिला सांगा, की आई की बाबा हे तुला निवडायचं नाही, ते ठरवायचं काम मोठ्यांचं आहे. कुणी विचारलंच तर मनात असेल ते खरं सांग, मी रागावणार नाही. आणि मग तो विषय तुम्ही स्वतःहून पुन्हा काढू नका.