ओप्रा विन्फ्रीची दक्षिण आफ्रिकेतली शाळा म्हणजे खरी मदत की श्रीमंतीचा दिखावा?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेतल्या प्रसिद्ध टीव्ही सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्री यांनी टीव्ही सोडल्यावर काढलेली मुलींची शाळा प्रसिद्धीसाठी होती का, आणि तेवढ्या पैशात शंभर शाळा उभ्या राहिल्या नसत्या का.

आधी एक दुरुस्ती. शाळा टीव्ही सोडल्यावरची नाही. ओप्राचा टीव्हीवरचा गप्पांचा कार्यक्रम मे २०११ मध्ये संपला. जोहान्सबर्गच्या दक्षिणेला हेन्ली-ऑन-क्लिप इथं शाळा उघडली २ जानेवारी २००७ ला. मंडेलांना शब्द दिला होता तो त्याच्याही आधी, २००० साली.

खर्च चार कोटी डॉलर, आणि सुरुवातीला मुली १५२. योगाची खोली, नाट्यगृह, ब्युटी सलून. टीका होणारच होती. पण मुली कोण होत्या तेही बघा. हुशार, गरीब, कित्येकींच्या घरी आई किंवा वडील एड्सने गेलेले. ओप्राचं स्वतःचं बालपण असंच होरपळलेलं: लहानपणी अत्याचार, चौदाव्या वर्षी गरोदरपण, बाळही जगलं नाही. पुढे वडिलांच्या शिस्तीत नॅशव्हिलला राहून त्या शाळकरी वयातच रेडिओवर बातम्या वाचायला लागल्या. म्हणून सलूनवरून मी त्यांना बोल लावणार नाही. गरिबाच्या पोरीला सगळं जेमतेमच द्यायचं, हा दंडक कुणी घातला?

मी मुलींच्या सरकारी वसतिगृहात गृहपाल होते. नवी मुलगी साबण संपला हे सांगायलाही आठवडा लावते. पोळी उरली तर ओढणीत बांधून उशाखाली ठेवते. ती आपल्याला त्रास देणाऱ्या माणसाचं नाव सहज सांगेल?

ओप्राच्या शाळेतही तेच झालं. वर्ष पुरं व्हायच्या आत, २००७ च्या ऑक्टोबरमध्ये वसतिगृहातल्या एका कर्मचारी बाईवर मुलींच्या छळाचे आरोप झाले. (२०१० मध्ये न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं.) त्या वेळी ओप्राने जे सांगितलं ते वाचून मला आमच्याकडच्या तपासण्याच आठवल्या: ओप्रा येणार म्हटलं की मुलींना हसतमुख राहायला बजावलं जायचं, तक्रार करू दिली जात नव्हती. साहेब यायच्या दिवशी चादरी बदलतात ना, तसंच. चार कोटी डॉलर ओतूनही हे चुकलं नाही.

माझ्या लेखी खरी कसोटी इथं होती. ओप्रा तातडीने तिकडे गेल्या, पालकांची माफी मागितली आणि शाळा बंद केली नाही. पहिली तुकडी २०११ मध्ये बाहेर पडली, मुली विद्यापीठात गेल्या, आणि तिथल्या शिक्षणातही त्यांना आधार मिळत राहिला. दिखाव्यासाठी देणारा फीत कापून मोकळा होतो.

मुलांसाठीही त्यांचं काम आहे. अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात कृष्णवर्णीय तरुणांना १९८९ पासून शिष्यवृत्त्या आहेत. २०१९ मध्ये ती देणगी एकूण अडीच कोटी डॉलरवर गेली.

शंभर शाळांचं म्हणाल तर इमारती झाल्याही असत्या. पण रात्री दोनला ताप चढलेल्या मुलीजवळ बसणारी, विश्वासातली बाई शंभर ठिकाणी कुठून आणायची? इमारतीपेक्षा तिचा पगार वर्षानुवर्षं देणं जड जातं. मला खटकतं ते वेगळंच: एवढी मोठी शाळा एकाच बाईच्या नावावर आणि तिजोरीवर उभी आहे. त्यांच्यामागे तो पगार कोण देणार, हा प्रश्न मी सलूनच्या आधी विचारला असता.