सोवाजची ईडीटी, ईडीपी, पार्फम की एलिक्सिर: मुंबईत रोज ऑफिसला लावायला कुठली घेऊ?

तुम्ही विचारलंय की डिओर कंपनीच्या सोवाज परफ्यूमचे हे चार प्रकार मिळतात (ईडीटी म्हणजे ओ द ट्वालेत, ईडीपी म्हणजे ओ द पार्फम), प्रवास रोजचा लोकलचा, ऑफिस एसी, बजेट एकाच बाटलीचं, तर सगळ्यात स्ट्राँग ती घेऊन मोकळं व्हावं का. नका होऊ. मी झालो होतो.

बोनस आला होता, यूट्यूबवर दहा व्हिडिओ बघून डोकं फिरलं होतं, वास न घेता थेट एलिक्सिर उचलली. मे महिना. डिओड्रंट मारायच्या सवयीने चार फवारे मारले, दोन गळ्यावर दोन शर्टावर, आणि डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडली. ठाण्याला अजून माणसं घुसली, हात वर करायची पण सोय नाही, घाम सुटला आणि तो वास असा काही उसळला की बाजूच्या काकांनी रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, "कुणाच्या पिशवीत सेंटची बाटली फुटली का बघा जरा." अख्खा पॅसेज हसला. मी पण हसलो, काय करणार. ऑफिसमध्ये जाऊन मान साबणाने घासली तरी संध्याकाळी परतीच्या गाडीत तोच वास. टिकतं बाबा, त्यात वाद नाही.

तर मुद्दा असा की ही चार नावं म्हणजे एकाच चहाचे कडक, मध्यम, फिका असे प्रकार नाहीत. हे चार वेगळे चहा आहेत. ईडीटी आली 2015 ला, जॉनी डेपची ती वाळवंटातली जाहिरात आठवत असेल, मग 2018 ला ईडीपी, 2019 ला पार्फम आणि 2021 ला एलिक्सिर. चारही डिओरचे तेव्हाचे परफ्यूमर फ्रान्स्वा दमाशी यांनीच बनवल्यात पण दरवेळी मालमसाला बदललाय. टक्केवारी सगळे सांगतात, ईडीटीत सुगंधी तेल साधारण 5 ते 15 टक्के, ईडीपीत 15 ते 20, पार्फममध्ये 20 ते 30, बाकी बहुतेक अल्कोहोल. पण हे आकडे म्हणजे कायदा नाही, कंपनी आपल्या हिशोबाने ठरवते, आणि एलिक्सिर हा शब्द तर त्या तक्त्यात बसतच नाही, ते कंपनीने दिलेलं नाव आहे.

ईडीटी लावली की आधी बर्गमॉट, म्हणजे लिंबाची साल नखाने खरवडल्यासारखं, आणि मागून मिरीचा झटका. यात सिचुआन पेपर आहे, ते आपल्या तिरफळाचं भावंड, बांगड्याच्या कालवणात तिरफळ खाल्लं असेल तर ती झिणझिणी नाकात लगेच ओळखू येते. ईडीपीत तेच, पण व्हॅनिला घालून कडा गोल केल्यात. पार्फम अजून मऊ, चंदन आणि टोंका बीन (व्हॅनिलासारख्या गोड वासाची बी), लिंबू कमी आणि संत्र्यासारखं जास्त. एलिक्सिरमध्ये जायफळ, दालचिनी, वेलची, ज्येष्ठमध, लॅव्हेंडर, म्हणजे दिवाळीच्या आधी आईने मसाल्याचा डबा उघडलाय असं काहीतरी. वास सुंदर आहे हां, मी वाईट म्हणत नाहीये, पण तो डबा मे महिन्यात सेकंड क्लासमध्ये उघडायचा नाही.

अजून एक गैरसमज. जास्त तेल म्हणजे वास जास्त लांब जाणार असं नाही. अल्कोहोल भराभर उडतं आणि जाताना वास सोबत घेऊन जातं, म्हणून ईडीटी पहिल्या तासात चांगली पसरते आणि मग लवकर बसते. तेल जास्त असलं की वास अंगाजवळ रेंगाळतो. आमचे आजोबा गणपतीत हिना अत्तराचा फाया कानात ठेवायचे, अत्तरात अल्कोहोलच नसतं, तर जवळ जाऊन नमस्कार केला की वास यायचा, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत यायचा. (एलिक्सिर याला अपवाद, ती टिकते पण आणि पसरते पण, मला विचारा.) त्यात मुंबईची हवा. उन्हात लिंबू-मिरीचा वरचा भाग पटकन उडून जातो आणि खालचा गोड भाग जड होऊन बसतो, त्यामुळे पुण्यात किंवा दिल्लीच्या थंडीत रिव्ह्यू करणाऱ्याने "रोज लावा" सांगितलं तरी ते आपल्याला लागू नाही.

म्हणून माझं मत, तुम्ही सांगितलेल्या रूटीनला ईडीटी. दोन फवारे, छातीवर, बनियनच्या आत, गळ्यावर नाही. शर्टाने झाकलं की गाडीत दाबून राहतं आणि एसीत बसलं की हळूहळू वर येतं. चार-पाच तासांनी तुम्हाला वाटेल गेलं. बहुतेक वेळा गेलेलं नसतं, सोवाजच्या बुडाशी अँब्रॉक्सन आहे आणि नाक त्याला लवकर सरावतं, तुम्हाला येत नाही पण शेजारच्याला येतोय. बायकोला विचारा, मगच परत मारा. (अँब्रॉक्सन म्हणजे अंबरग्रीसचा कारखान्यात केलेला पर्याय. आपल्याकडे पेपरात "व्हेलची उलटी पकडली, किंमत करोडोंत" अशा बातम्या येतात ना, तेच अंबरग्रीस. बाटलीत व्हेल नाहीये, काळजी नको.)

पैशाचा हिशोब पण बघा. एक फवारा साधारण 0.1 मिली धरला तर 100 मिलीत हजार फवारे. ईडीटी सकाळी दोन आणि जेवणानंतर एक मारलात तर अकरा महिने जाते. 60 मिलीची एलिक्सिर म्हणजे सहाशे, रोज एकच मारलात तर दीड वर्षाच्या वर. म्हणजे एलिक्सिर महाग दिसते पण महाग पडतेच असं नाही, अट एकच, एका फवाऱ्यावर हात थांबला पाहिजे. माझा थांबला नव्हता.

घ्यायच्या आधी मॉलमधल्या काउंटरवर जा आणि कागदाच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका, एका मनगटावर ईडीटी, दुसऱ्यावर ईडीपी, मनगटं एकमेकांवर घासू नका, आणि काही न घेता बाहेर पडा. गाडीने घरी या, घाम येऊ द्या, रात्री जेवायच्या आधी वास घ्या. ईडीपी आवडली तर घ्या बिनधास्त, मग फवारा एकच. पार्फमचं म्हणाल तर ती मला चौघांत सगळ्यात जास्त आवडते पण ती संध्याकाळची आहे, ऑफिसात तिचा उपयोग शून्य. आणि जुलैत न वाळलेल्या शर्टाला जो कुबट वास येतो त्यावर यातली कुठलीच चालत नाही, दोन्ही मिळून तिसराच वास तयार होतो, त्यापेक्षा शर्ट इस्त्री करून घाला.

माझी एलिक्सिर अजून अर्धी आहे. कपाटात, उन्हापासून लांब, डिसेंबरातल्या लग्नांना निघते, एक फवारा.

हो, आणि दुकानात नाव नीट सांगा. "ओ सोवाज" म्हणून डिओरचंच 1966 चं वेगळं परफ्यूम आहे, वास पूर्ण वेगळा. छान आहे ते पण, पण तुम्ही मागताय ते ते नाही.