नुसता भागाकार करू नका

नकाशावर दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर मोजलंत, त्याला विमानाच्या वेगाने भागलंत आणि उत्तर वेळापत्रकाशी जुळेना, असंच ना? जुळणारच नाही. एटीआर-72 सारखं पंख्याचं विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास जातं खरं, पण तो वेग वर पोहोचल्यावरचा. 300 किलोमीटरचा टप्पा कागदावर 36 मिनिटांचा. वेळापत्रकात मात्र तासाभराचा दिसेल. छापील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांगत चाल, चढण, उतरण, सगळं त्यात आलं. (एवढ्याशा टप्प्यावर जेटनेही फार काही वाचत नाही.) अंतर नॉटिकल मैलात दिलंय का तेही बघा, एक म्हणजे 1.852 किलोमीटर. जाता-येतानाची वेळ वेगळी दिसली, तर आधी वारा तपासा.