८०८५ च्या असेंबलरमध्ये पार्सरची एरर हाताळणी कशी सुधारावी?

म्हणजे ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या सूचना मशीनच्या बाइटांत बदलणाऱ्या तुमच्या असेंबलरमध्ये, ओळ वाचून तिचा अर्थ लावणारं प्रत्येक पार्स फंक्शन बिनसलं की −१ परत करतं, वापरणाऱ्याला नुसतं ‘सिंटॅक्स एरर’ दिसतं आणि पहिल्याच चुकीला असेंबलर बंद पडतो. सगळं नव्याने लिहावं का, असं विचारताय. अजिबात नको.

आधी त्या −१ चा बंदोबस्त करा. ‘एमव्हीआय ए, −१’ (ए रजिस्टरमध्ये −१ भरा) ही रीतसर सूचना आहे, तिथे हेक्स एफएफ हा बाइट पडायला हवा. मग हातात आलेला −१ ही किंमत की चूक, हे ओळखायचं कसं? किंमत पॉइंटरमधून बाहेर द्या, रिटर्नमध्ये फक्त स्टेटस ठेवा.

आणि स्टेटस दोन नकोत, तीन हवेत: जमलं, हे माझं नाही, माझंच आहे पण बिघडलंय. खरा गुंता शेवटच्या दोघांच्या गल्लतीतून होतो. रजिस्टर वाचणाऱ्या फंक्शनला ‘२०५०एच’ (शेवटचा एच म्हणजे हेक्स आकडा) दिसलं तर त्याने एकही टोकन (ओळीतला सुटा शब्द किंवा चिन्ह) न खाता ‘माझं नाही’ म्हणावं, म्हणजे आकडा वाचणाऱ्याला संधी मिळते. पण आकडा वाचणाऱ्याला ‘१२जीएच’ दिसलं तर तो बिघडलेला आकडाच आहे, कारण जी हा हेक्सचा अंक नाही. तिथेच ओळ-कॉलमसकट संदेश छापायचा आणि पुढचे पर्याय चाचपायचे नाहीत. वरच्या फंक्शनांनी स्टेटस मुकाट्याने वर पाठवायचा, स्वतःची भर घालायची नाही. एलएलव्हीएम या कंपायलर बनवण्याच्या साधनसंचाच्या असेंबलर पार्सरमध्येही सक्सेस, नोमॅच, फेल्युअर अशीच विभागणी आहे. (तिथल्या बूल परत करणाऱ्या पार्स फंक्शनांत मात्र ट्रू म्हणजे चूक! वाचताना डोकं फिरतं.)

काही चुका मुळात पार्सरच्या नसतातच. ‘एलएक्सआय ए, २०००एच’ची रचना ठीक आहे, पण एलएक्सआय ही १६ बिटांचा आकडा भरणारी सूचना आहे, तिला बी, डी, एच, एसपी एवढेच चालतात. हे सूचनांच्या तक्त्यावरून तपासा आणि संदेशात ते चौघे लिहा. ‘मूव्ह एम, एम’ (एम म्हणजे एचएल जोडी दाखवते ती मेमरीची जागा) तर त्याहून वाईट: दोन्ही जागी एमचे बिट भरले की ७६ हेक्स तयार होतो, आणि तो एचएलटीचा, म्हणजे प्रोसेसर थांबवणाऱ्या सूचनेचा, ऑपकोड (सूचनेचा बाइट) आहे. असेंबलर हूं की चूं करत नाही, प्रोग्रॅम मात्र मध्येच थांबतो.

चुकीनंतर ओळीच्या शेवटापर्यंत उडी मारा, मोजणी वाढवा, पुढची ओळ घ्या. एकही चूक असेल तर आउटपुट फाइल लिहू नका. मात्र चुकलेल्या ओळीवरचं लेबल सिंबल टेबलमध्ये (लेबलं आणि त्यांचे पत्ते यांच्या यादीत) नोंदवाच, नाहीतर त्या लेबलाकडे जाणारा प्रत्येक जंप ‘लेबल सापडलं नाही’ म्हणून ओरडेल. लोकेशन काउंटरही (पुढचा बाइट कुठे पडेल तो पत्ता) पुढे न्या. ८०८५ मध्ये सूचनेची लांबी निमॉनिकवरूनच (सूचनेच्या नावावरून) कळते, ऑपरंड (तिला दिलेलं रजिस्टर किंवा आकडा) बिघडला तरी अडत नाही.

कोडला हात लावण्याआधी मुद्दाम चुकवलेल्या पन्नासेक ओळींची फाइल करून आजचं आउटपुट जपून ठेवा. मग एकेक फंक्शन बदला आणि दर वेळी डिफ (जुन्या-नव्या आउटपुटमधला फरक) बघा.