फॅनफिक्शन लेखकाला अभिप्राय देताना

फॅनफिक्शन म्हणजे आवडत्या पुस्तकातली किंवा सिनेमातली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेली कथा. ती वाचून अभिप्राय देताना 'छान' किंवा 'पुढचा भाग कधी?' एवढ्यावर थांबू नका. पहिल्यातून नेमकं काय आवडलं ते लेखकाला कळत नाही, दुसरं तगाद्यासारखं वाटतं. हौसेनं, एक पैसा न घेता लिहिणाऱ्याला तगादा फार लागतो.

आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर एका खात्यावरून एका कथेला एकदाच कुडोज (लाइकसारखी दाद) देता येतो, मग प्रकरणं वीस असोत. त्यामुळे पुढची प्रकरणं आवडल्याचं शब्दांतच कळवावं लागतं. वॉटपॅड या कथांच्या ॲपवर मात्र प्रत्येक भागाला स्वतंत्र व्होट देता येतं आणि परिच्छेदाशेजारीच अभिप्राय लिहिता येतो. तिथे दोन शब्दही पुरतात.

वाचतानाच आवडलेलं वाक्य कॉपी करून ठेवा, शेवटी शोधत बसलात तर सापडत नाही. मग तीन-चार ओळी लिहा: ते वाक्य, ते का भिडलं, आणि मूळ कथेतलं पात्र इथे तसंच बोलतंय का. हा शेवटचा मुद्दा लेखकाला सगळ्यात जास्त हवा असतो.

चुका दाखवण्याआधी लेखकाची टीप वाचा. सूचना मागितल्या नसतील तर आधी विचारा.

आपल्याकडे आणखी एक जपा. बेळगाव-खानापूरकडचं पात्र 'काय करालास?' म्हणालं, मध्येच कन्नड शब्द आला, तर ते शुद्धलेखनात काढू नका. ती त्या पात्राची बोली आहे. तेच पात्र पुढच्या प्रकरणात एकदम पुणेरी बोलू लागलं, तर ते जरूर सांगा, दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून.