वाचकांचे प्रश्न : ग्रोनिंगेनचा बग्गीचा घोडा

प्रश्न : नेदरलँड्सच्या उत्तर भागात फिरताना एका गावात चारचाकी बग्गीला जुंपलेली काळ्या, भरदार घोड्यांची जोडी पाहिली. हाकणाऱ्याने जात 'ग्रोनिंगर' आणि प्रकार 'वॉर्मब्लड' असल्याचे सांगितले. या घोड्याचे रक्त खरोखरच अधिक उष्ण असते का, आणि ही जात नेमकी कोणती? – एक वाचक, नाशिक

उत्तर : रक्ताच्या उष्णतेशी या शब्दाचा काहीही संबंध नाही. अरबी असो की अवजड गाडा ओढणारा युरोपीय घोडा असो, निरोगी घोड्याच्या शरीराचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस एवढेच असते. ही विभागणी स्वभावाची आणि बांध्याची आहे. अरबी घोडे, तसेच महालक्ष्मी किंवा पुण्याच्या शर्यतींत धावणारे थरोब्रेड हे चपळ आणि चटकन बिथरणारे घोडे 'हॉटब्लड' म्हणून ओळखले जातात, तर थंड डोक्याच्या, जाड पायांच्या, ओझे ओढणाऱ्या घोड्यांना 'कोल्डब्लड' म्हणतात. 'वॉर्मब्लड' या दोहोंच्या मधले. आज हा शब्द ऐकताच अडथळ्यांवरून उड्या मारणारा सडपातळ स्वारीचा घोडा डोळ्यांसमोर येतो. ग्रोनिंगेनचा घोडा मात्र याच गटाच्या जड बाजूचा, मुळात जुंपण्यासाठी घडवलेला आहे.

तो तसा का घडला हे तिथल्या जमिनीकडे पाहिल्यावर समजते. ग्रोनिंगेन हा नेदरलँड्सचा ईशान्येकडील प्रांत आहे. समुद्राने आणून टाकलेली चिकणमाती, ओली असताना नांगराला चिकटणारी आणि वाळल्यावर कठीण होणारी, हे त्याच्या किनारी भागाचे वैशिष्ट्य, आणि ओल्डाम्ब्टसारख्या परिसरात या मातीवर धान्य पिकवून शेतकरी सधन झाले. अशा जमिनीत नांगर ओढायला ताकद हवी, आणि त्याच शेतकऱ्याला रविवारी चर्चला जाताना बग्गीपुढे उभा करावासा वाटेल असा रुबाबही हवा. यासाठी सीमेपलीकडच्या जर्मन मुलखातून, म्हणजे पूर्व फ्रीसलँड आणि ओल्डेनबुर्ग येथून, नर घोडे आणून स्थानिक घोड्यांशी त्यांचा संकर करण्यात आला. त्यातून रुंद छातीचा, भक्कम पुठ्ठ्यांचा, बहुधा काळा किंवा गडद तपकिरी, खांद्यापाशी सुमारे १६० सेंटिमीटर उंचीचा घोडा तयार झाला. दक्षिणेकडील गेल्डरलँड प्रांतात जमीन रेताड असल्यामुळे तिथला घोडा हलका, लांब मानेचा, अनेकदा तांबूस रंगाचा आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला राहिला. एकाच देशातल्या दोन प्रांतांच्या मातीतला फरक घोड्यांच्या अंगावर इतका स्पष्ट उमटलेला क्वचितच पाहायला मिळतो. गेल्डरलँडचा पुढचा भाग आणि ग्रोनिंगेनचा मागचा भाग जोडला की उत्तम घोडा तयार होतो, असे तिथले जाणकार म्हणत आले आहेत.

प्रश्न : नेदरलँड्सचा काळा घोडा म्हणजे फ्रीजियन ना? मग ग्रोनिंगर हे त्याचेच दुसरे नाव आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. फ्रीजियन हा शेजारच्या फ्रीसलँड प्रांताचा घोडा. आपल्या गोठ्यांतल्या 'एचएफ' गाईच्या नावात, म्हणजे होल्स्टीन-फ्रीजियन या नावात, हाच प्रांत दडलेला आहे. फ्रीजियनची आयाळ लांब व दाट असते, पायांच्या खालच्या भागावर केसांचे झुपके असतात, आणि त्याची दुडकी चाल गुडघे उंच उचलणारी असते. ग्रोनिंगरचे पाय बरेच स्वच्छ असतात आणि त्याची शेपटी-आयाळ साधी असते. संकटातून मात्र दोघेही गेले आहेत : १९१३ साली फ्रीजियनच्या वंशावळीच्या नोंदवहीत अवघे तीन नर घोडे उरले होते.

प्रश्न : ही जात एका नर घोड्यापासून पुन्हा उभी राहिली असे वाचले. असे असेल तर आजचा घोडा खरोखर जुना ग्रोनिंगर मानायचा का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आला आणि शेतातला घोडा निकामी झाला. त्याच सुमारास स्वारी आणि उड्यांच्या स्पर्धांना बहर आला. पैदास करणाऱ्यांनी ग्रोनिंगेन व गेल्डरलँडच्या घोड्यांमध्ये थरोब्रेड आणि इतर हलक्या जातींचे रक्त मिसळले, आणि १९७० च्या सुमारास उत्तरेच्या व दक्षिणेच्या नोंदणी संस्था एकत्र येऊन राष्ट्रीय वॉर्मब्लड नोंदवही सुरू झाली. १९८८ साली तिला 'रॉयल' ही उपाधी मिळाली, आणि तिचे घोडे आज जगभरच्या स्पर्धांत जिंकतात. त्या यशामागे ग्रोनिंगेनच्या घोड्यांचे पुठ्ठे आहेत याचा मला आदर वाटतो. परंतु ज्या जातीच्या अंगाने हे यश उभे राहिले तीच त्यात विरघळून गेली, हेही तितकेच खरे आहे. १९७८ साली जुन्या वळणाचा एकच नर घोडा शिल्लक होता. त्याचे नाव बाल्डेवाइन. कत्तलखान्याच्या वाटेवरून त्याला वाचवण्यात आले, जुन्या वळणाशी जुळणाऱ्या सुमारे २० घोड्या शोधण्यात आल्या, १९८२ मध्ये पैदासकारांनी स्वतःची संघटना स्थापन केली आणि १९८५ मध्ये तिला राजमान्यता मिळाली.

आता हिशेब पाहा. एका नरापासून झालेली सगळी शिंगरे एकमेकांची सावत्र भावंडे. त्यांची आपापसांत जोडी लावली तर पुढच्या पिढीतील अंतःप्रजननाचे प्रमाण १२.५ टक्के होते, आणि तेही मूळच्या घोड्या एकमेकींच्या नात्यात नव्हत्या असे मानले तरच. घोड्यांची संख्या वाढली म्हणजे धोका टळला असे होत नाही. शंभर घोडे एकाच बापाचे असतील तर विविधतेच्या दृष्टीने ते शंभर नव्हेत. शिवाय घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा, बहुधा एका वेळी एकच शिंगरू, आणि पहिल्या वितीआधी काही वर्षांची प्रतीक्षा, त्यामुळे चूक दुरुस्त करायला एक पिढी जाते.

म्हणून बाहेरचे रक्त घेणे अटळ असते. पूर्व फ्रीसलँड व जुन्या ओल्डेनबुर्ग प्रकारचे घोडे, आणि त्याच कुळातील पोलंडचे सायलेशियन, हे या जातीचे खरे नातलग आहेत. मूळ ग्रोनिंगर त्यांच्यातूनच घडला होता, त्यामुळे त्यांच्याकडून रक्त घेण्याला मी भेसळ मानत नाही. थरोब्रेडचे रक्त आणणे मात्र वेगळे आहे, कारण त्याने छाती अरुंद होते आणि स्वभाव तापट होतो, म्हणजे जे वाचवायचे तेच जाते.

तेव्हा आजचा घोडा जुना ग्रोनिंगर आहे का? रक्ताच्या प्रत्येक धाग्याने नाही. पण ओढण्याची ताकद, रस्त्यावरच्या गोंगाटात शांत उभे राहणे, लांब पल्ला दुडक्या चालीने न थकता कापणे हे गुण निवडीच्या कसोटीवर राहिले, तर त्याला त्या नावाचा हक्क आहे. बग्गी हाकण्याच्या छंदाने त्याला पुन्हा काम मिळाले आहे. तुम्ही पाहणीसाठी गेलात तर आयाळीपेक्षा पुठ्ठे बघा, आणि घोडा साज चढवून गाडीला जुंपल्यावर कसा वागतो ते जरूर पाहा.